वासराचं मलम

संध्याकाळी नुसती डोळा चोळत होती.
मला वाटलं गवताचं कुसळ असेल, नाहीतर झोप.
रात्री दोनला किंचाळली, तेव्हा दिवा लावला
आणि डावी पापणी पाहिली:
उकलायच्या बेतातल्या अंजिरासारखी, गच्च बंद,
केसांवर पिवळी खरपुडी.

ओदिलिया पलीकडच्या बेटावर,
आईच्या नव्या गुडघ्यापाशी, इस्पितळात.
सकाळची बोट वाऱ्यामुळे रद्द.
फोन उचलला, ठेवला, परत उचलला.
शेवटी लिहिलं: इरिया झोपली आहे.
त्या मिनिटाला तेवढं खरं होतं.

एकोणीस महिन्यांचं माणूस
कुठे दुखतं ते सांगत नाही,
दुखणं समोरच्याच्या अंगावर फेकतं.
चमचा आला. लाकडी गाय आली.
एक मोजा आला, ओला.

पाणी उकळलं, निववलं.
नाकाकडून कानाकडे पुसायचं, की उलट?
वासरांना पुसताना मी कुणाला विचारत नाही.
त्यांचे डोळे दर उन्हाळ्यात येतात.
मान काखेत, पापणी उलटी,
मलमाची एक रेघ, पुढचं वासरू.
बहुतेकांचे डोळे येतात आणि बरे होतात.
तांबड्या खोंडाचा एक गेला.
तेव्हा मी म्हटलं होतं, चालायचंच.

तीन वाजता तिला खांद्यावर टाकून गोठ्यात गेलो.
का गेलो ते मला ठाऊक होतं.
फळीवर नळी. टॉर्चच्या उजेडात वाचली
ओळ न् ओळ, बारीक अक्षरांसकट.
फक्त गुरांसाठी.
वर गाईचं चित्र, दोन्ही डोळे टक्क उघडे.
झाकण उघडलं होतं मी.
हे ओदिलियाला कधीतरी सांगेन,
आज नाही.
नळी बादलीमागे ठेवली,
मग बादलीवर पोतं टाकलं,
जणू तीच आपणहून चालत येणार होती.

दिवा पाहून पाचला एर्मिनिया आली,
अंगावर शाल, हातात कॅमोमाईलची पुडी.
सांता लुझियाला मेणाचे डोळे बोल, म्हणाली.
बोललो. मनात, घाईत.
किती डोळे ते सांगायचं राहिलं.

कड्याखालच्या आमच्या वस्तीतून
वरच्या रस्त्यापर्यंत एकवीस वळणं.
अकराव्यापासून धुकं.
मागच्या आसनावर ती गप्प झाली
आणि मला तिचं रडणं हवंसं झालं.
गाडी थांबवली. श्वास ऐकला. निघालो.
चौदाव्या वळणावर परत थांबवली.

डॉक्टरीणबाई मुख्य भूमीवरच्या, वयाने माझ्याहून लहान,
दार उघडताना तोंडात पावाचा घास.
ताप बघितला. पापणी अलगद उचलली,
किल्ल्यांचा जुडगा डावीकडे हलवला, उजवीकडे, वर.
आत कुठेतरी, त्या लाल चिखलात,
बुबुळ किल्ल्यांच्या मागे गेलं.
"फिरतंय," त्या म्हणाल्या, "मला तेच पाहायचं होतं."
औषध दिलं. उद्या परत या.
ताप चढला, किंवा डोळा पुढे आला,
तर उद्याची वाट बघू नका, हेलिकॉप्टर मागवू.
हे शेवटचं वाक्य मी येताना
एकवीसही वळणं तोंडाने म्हणत आलो.

दुपारी थेंब घालायचे होते.
पहिला गालावर. दुसरा माझ्या मनगटावर.
मग हात आपोआप तिच्या मानेभोवती गेला,
डोकं काखेत, अंगठा पापणीवर,
आणि थेंब जिथे जायचा तिथे गेला.
लाज वाटली. आणि हायसंही वाटलं.
दोन्ही एकाच हाताला.

ओदिलियाला फोन केला, सगळं सांगितलं,
नळी सोडून.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "तू जेवलास का?"

रात्री परत डोळ्याला डोळा नाही.
तासातासाला कपाळ. कोमट. कोमट. आता गार?
की माझाच तळवा गरम?
पहाटे सूज कालच्याइतकीच वाटली,
पण मध्ये एक फट होती,
नखाएवढीसुद्धा नाही, चिकट, ओली,
आणि तिच्यातून कुणीतरी बघत होतं.
माझ्याकडे नाही.
खाली पडलेल्या लाकडी गाईकडे.
"मू," ती म्हणाली,
आणि मी वाकून गाय उचलली,
पुसली, दिली.
तिने फेकली.